सात महिने हार्नेस वापरल्यानंतर: मेटल डिटेक्टर, समुद्र आणि उजवं कोपर

गेल्या नोव्हेंबरात भाट्याच्या किनाऱ्यावर मेटल डिटेक्टर फिरवून परत येत होतो. आंब्याच्या घाटात स्टेअरिंग वळवताना उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला अशी कळ आली की गाडी कडेला घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात उद्यमनगरात वर्कशॉपला गेलो तर लेथच्या चकची चावी फिरवता येईना. ज्याचं पोट हातावर आहे त्याला याचा अर्थ सांगायला नको.

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी कोपर सरळ ठेवायला सांगितलं, मधलं बोट वर उचलायला लावलं आणि त्यावर आपल्या बोटाने हलका दाब दिला. ओरडलोच. टेनिस एल्बो. मनगट वर उचलून धरणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतात, तिथली दोरी रोज थोडी थोडी दुखावते. मी हिशेब केला: मिनिटाला 25 वेळा मशीन फिरवलं तर चार तासांत 6,000 फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात मूठ आवळलेली आणि मनगट ताठ.

पहिला विचार हलकं मशीन घ्यायचा आला. माझं मशीन 1.3 किलोच्या आसपास, म्हणजे मुळात काही जड नाही. घरी काट्यावर तुकड्या-तुकड्याने वजन केलं तेव्हा खरी गोष्ट कळली. कॉइल (वाळूवर फिरवायची, धातू ओळखणारी चकती) आणि खालचा दांडा मिळून 600 ग्रॅम, पण ते मुठीपासून 90 सेंटिमीटरवर लटकतात. मागे कोपराकडे बॅटरीची बाजू 300 ग्रॅम, मुठीपासून जेमतेम 20 सेंटिमीटरवर. वजनाला अंतराने गुणलं तर पुढे 54,000, मागे 6,000. हा सगळा फरक मनगट पेलत होतं. लांब पान्याच्या टोकाला थोडाच जोर लावला तरी नट सुटतो, तसाच हा जोर उलटा माझ्या कोपरावर येत होता.

मग दोन गोष्टी केल्या. खांद्यावरून जाणारा, पाठीवर फुली होणारा पट्टा, म्हणजे हार्नेस, मागवला. त्याला रबरी दोरी असते आणि ती मुठीच्या थोडं पुढे दांड्याला अडकवायची. दुसरं, 25 मिलिमीटरच्या स्टेनलेस बारचा साडेअकरा सेंटिमीटरचा तुकडा कापून, खरादून दांड्याच्या मागच्या टोकाला बसवला. भरला 450 ग्रॅम. तो मुठीपासून 35 सेंटिमीटर मागे येतो, म्हणजे पुढचा जवळजवळ एक तृतीयांश भार तिथेच फिटतो. कॉइलपासून इतक्या लांब असल्यामुळे सिग्नलमध्ये काही फरक पडला नाही.

पण नुसता तुकडा लावून पट्टा नाही घातला तर एकूण वजन वाढतंच. पहिल्या रविवारी मी तेच केलं. मनगट सुटलं, खांदा धरला. दोन्ही एकत्र वापरायचे. दोरीची लांबी अशी ठेवायची की हात पूर्ण सैल सोडला तरी कॉइल वाळूच्या चार-पाच सेंटिमीटर वर तरंगत राहिली पाहिजे. मग हाताला उचलण्याचं काम उरत नाही, नुसतं दिशा द्यायची. मूठ अंडं धरल्यासारखी. हे जमायला मला किनाऱ्याच्या तीन फेऱ्या लागल्या, आणि जमल्यावर आरे-वारेच्या किनाऱ्यावर पाच तास काढले तरी दुसऱ्या दिवशी लेथवर उभा होतो.

पट्ट्याच्या तक्रारीही सांगतो. दोरीचा हूक दोन फेऱ्यांत गंजला. तो फेकून 316 जातीच्या स्टेनलेस स्टीलचा स्वतः वाकवून लावला, कारण 304 वरसुद्धा खाऱ्या पाण्याचे तपकिरी डाग पडतात. मानेजवळ पट्टा घामाने सोलायचा. चप्पल लाईनमधल्या ओळखीच्या कारागिरांकडे गेलो. चामडं लावून द्या म्हटलं तर त्यांनीच नको म्हणून सांगितलं, मिठाच्या पाण्यात चामडं कडक होऊन तडकतं. त्यांनी आतून फोम आणि कॅनव्हास शिवून दिला. त्यांच्या हाताची ती दुहेरी शिलाई सात महिन्यांत एका टाक्याने सुटलेली नाही.

पाण्यात मात्र सगळं उलटं होतं, आणि हे मला कोणीच आधी सांगितलं नव्हतं. गुडघ्याच्या वर पाणी आलं की कॉइल आणि पोकळ दांडा वर यायला बघतात. त्यात दोरी वर ओढते. म्हणजे कॉइल तळाशी दाबून धरायला हात पुन्हा लढतो, फक्त आता दुसऱ्या दिशेने. म्हणून पाण्यात शिरताना दोरी काढायची, मागचा तुकडाही काढायचा. खालच्या दांड्याला वर-खाली दोन भोकं पाडली. पाणी आत शिरतं, हवा बाहेर जाते, दांडा तरंगत नाही. बाहेर आल्यावर तेच पाणी निथळतं. कॉइलखालचं प्लास्टिकचं कव्हर दर तासाला काढून धुवायचं, कारण त्यात ओली वाळू साचून टोकालाच वजन वाढतं, आणि टोकाचं वजन किती महाग पडतं हे वर लिहिलंच आहे. पाणी हवेपेक्षा 800 पट घन आहे, त्यामुळे कोरड्या वाळूच्या वेगाने फिरवायला गेलात तर स्नायू हरणारच. मी अर्ध्या वेगाने, छोट्या टप्प्यात, हाताऐवजी कंबरेतून वळून फिरवतो. आणि कंबरेच्या वर पाण्यात जात नाही. गणपतीपुळ्याचा समुद्र दिसतो तेवढा साधा नाही.

ज्याला एक रुपयाही खर्च करायचा नाही त्याने निदान दांड्याची लांबी नीट लावावी. मी दोन वर्षं चुकीच्या लांबीवर चालवलं. पायात बूट घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचा. कॉइल पायापुढे सपाट टेकली पाहिजे, वाकायला नको आणि खांदा उचलायला नको. हाताचा कप, म्हणजे दांड्यावरची हात टेकायची खोबण, कोपराच्या दोन बोटं खाली. कप कोपरावरच आला की प्रत्येक फेऱ्याला तिथेच घासतं. आणि दर अर्ध्या तासाने हात बदलायचा. डावा हात सुरुवातीला ऐकत नाही, महिन्याने ऐकतो.

फेब्रुवारीत पौर्णिमेच्या ओहोटीला एका वहिनींची अंगठी मिळाली ती डाव्या हातानेच. त्या आणि दादा दोन तास वाळू चाळत बसले होते. ओल्या वाळूत वीतभर खाली होती. अंगठी हातात घेतल्यावर वहिनी काही बोलल्या नाहीत, नुसतं तिथेच खाली बसल्या. मी या छंदात आहे तो अशा वेळेसाठी.

कोल्हापुरात लोक हमखास विचारतात, पन्हाळ्यावर नेऊया का मशीन? अजिबात नाही. तो संरक्षित किल्ला आहे. आणि 1878 च्या निखात निधी कायद्याने जमिनीत पुरलेलं 10 रुपयांच्या वर किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मी किनाऱ्यावर हरवलेल्या वस्तू शोधतो, तेवढंच.

कोपर आता कसं आहे? नव्वद टक्के बरं. मॅडमनी दिलेला व्यायाम रोज करतो: हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, तळवा खाली, अर्ध्या किलोचं वजन दुसऱ्या हाताने वर उचलून द्यायचं आणि दुखऱ्या हाताने सावकाश खाली सोडायचं. पंधराचे तीन फेरे. पट्टा घेतला म्हणून व्यायाम सोडला होता, मार्चमध्ये कळ परत आली, तेव्हापासून चुकवत नाही.

सध्या पाऊस आहे, मशीन गोड्या पाण्याने धुऊन भिंतीला टांगलंय. ऑक्टोबरच्या आधी मागचा तुकडा साडेअकराऐवजी दहा सेंटिमीटरच्या आत बसणारा, थोड्या जाड बारचा करणार आहे. आत्ताचा बसताना कोपराच्या मागे टोचतो.