कस्टम बुलेटच्या नादात १ लाख ४५ हजार गेले, ते कसे

गेल्या आठवड्यात ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याच्या मुलानं मोबाइल पुढे केला. "काका, हा माणूस बुलेटचं काय सोनं करतो बघा. टोकन पाच हजार मागतोय, देऊ ना?" स्क्रीनवर दोन फोटो होते, एक 'आधी'चा, एक 'नंतर'चा. 'आधी'च्या फोटोत उभी असलेली काळी बुलेट आमची होती. बाबांची, १९९३ सालची. नंबर प्लेटवर पट्टी मारली होती, पण मागची सिमेंटची पाण्याची टाकी आणि तिच्या कठड्यावर वाळत घातलेली आईची गोधडी मी कशी विसरणार? आमच्या चाळीचं अंगण ते. फक्त आमच्याकडे जिना टाकीच्या उजव्या हाताला आहे, फोटोत तो डावीकडे होता. असं का, ते पुढे सांगतो. त्या मुलाला जे तोंडी सांगितलं तेच इथे लिहितोय, म्हणजे आणखी कोणी पाच हजार काढायच्या बेतात असेल तर थांबेल.

सुरुवात झाली २०२२ च्या पाडव्याला. करोनाची दोन वर्षं गेल्यावर गिरगावची शोभायात्रा पुन्हा निघाली होती. नऊवारी नेसून, फेटे बांधून बुलेट चालवणाऱ्या बायकांचे फोटो पेपरात दरवर्षी येतात, त्यांत त्या वर्षी माझी ताईही होती. बाबांची बुलेट घेऊन. प्रार्थना समाजापाशी ती बंद पडली. डिकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडणारी कळ) दाबून, अ‍ॅमीटरचा काटा मधोमध आणून ताईनं नऊवारीतच तिसऱ्या किकला ती चालू केली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या रात्री मी ठरवलं, पुढच्या पाडव्याला हीच गाडी नव्या रूपात निघाली पाहिजे.

खरं तर किडा त्याआधीच चावला होता. लॉकडाऊनमध्ये कामं नव्हती, रात्र रात्र कस्टम मोटरसायकलींचे फोटो बघायचो आणि आवडला की जपून ठेवायचो. कॅफे रेसरनं मला पार वेड लावलं होतं. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावर एस कॅफे नावाचं हॉटेल होतं, १९३८ साली सुरू झालेलं. पन्नास-साठच्या दशकांत तिथे पोरं मोटरसायकली घेऊन जमायची. गाडीवरचं जास्तीचं सगळं काढून टाकायचं, हँडल खाली घ्यायचं, सीट एकट्यापुरती ठेवायची आणि ताशी शंभर मैल गाठायचे. नॉर्टनची चेसिस घेऊन तिच्यात ट्रायम्फचं इंजिन बसवायचे आणि त्या गाडीला ट्रायटन म्हणायचे. पुढे एन्फिल्डनं स्वतःच त्या वळणाची कॉन्टिनेंटल जीटी काढली. शिन्या किमुरा नावाचा जपानी कारागीर आहे, त्याच्या गाड्यांच्या धातूवर हातोडीचे घाव तसेच दिसतात, रंगाखाली लपवलेले नसतात. असले तीनशेवर फोटो माझ्या फोनमध्ये होते. बायको म्हणायची, माझे इतके नाहीत.

एका मित्राच्या मित्राकडून 'त्याचा' नंबर मिळाला. पूर्व उपनगरातल्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा, बोलणं एकदम लाघवी. पहिल्याच फोनवर म्हणाला, "दादा, पैशाचं नंतर. आधी तुमची आवड कळू दे. जे जे मनात भरलंय ते सगळं पाठवा, अगदी लाज न बाळगता." मला तर माणूस देवासारखा वाटला. चाळीस फोटो निवडून पाठवले. तिसऱ्या दिवशी त्याच्याकडून सहा फोटो आले: "हे आपलं काम."

ते सहा फोटो बघताना अंगावर काटा आला होता, खोटं कशाला सांगू. त्यातली एक जुन्या कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट होती. टाकी उघड्या अ‍ॅल्युमिनियमची, ठोकून काढलेली, सीटचं चामडं तंबाखूच्या रंगाचं. मनात म्हटलं, हा माणूस माझ्यासारखाच विचार करतो.

एक गोष्ट तेव्हाही खटकली होती. आपल्या जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला असतो, ब्रेक डाव्या. किक उजवीकडे, सायलेन्सरही उजवीकडे. फोटोतल्या गाडीचं हे सगळं डावीकडे होतं. मी विचारलंही. तो हसला. "दादा, बरोबर पकडलंत! पूर्ण साइड फिरवलीये. सहा महिने गेले त्यात. म्हणून तर कस्टम म्हणतात." इंजिनाची कूसच बदलायची म्हणजे काय ते कुर्ल्याच्या कुठल्याही मेकॅनिकला विचारलं असतं तर चहा नाकातून बाहेर आला असता त्याच्या. मी नाही विचारलं. उलट आणखीच भाळलो.

सौदा १ लाख ९० हजारांचा ठरला. कागदावर काही नाही. जूनमध्ये ६५ हजार यूपीआयनं दिले आणि गाडी टेंपोत चढवली. जाताना त्यानं अंगणातच गाडीचा फोटो काढला, "आठवण म्हणून". मूळ आरसी बुक मागितलं, आरटीओत बदलांची मंजुरी घ्यायची म्हणून, आणि दोन छापील फॉर्मवर बाबांच्या कोऱ्या सह्या घेतल्या. फॉर्म २९ आणि ३०. ते गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म असतात, हे मला आठ महिन्यांनी कळलं. आयुष्यभर लोकांची लग्नपत्रिकेची प्रुफं तीन तीनदा वाचणाऱ्या बाबांनी त्या दिवशी न वाचता सही केली, कारण मी घाई करत होतो. ते मला अजून लागतं.

गणपती गेले. "दादा, पितृपक्षात लोखंडाला हात लावत नाही." दसरा गेला. मग टाकी तयार आहे, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे ३८ हजार. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात टाकी घरी आली, जुन्या पेपरात गुंडाळलेली, चंदेरी, हातोडीच्या खुणांसकट. हातात घेऊन बघा म्हणाला, आणि ती माझ्या हातात असतानाच इम्पोर्टेड फॉर्कचे (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे) ४२ हजार मागितले. उभ्या उभ्या दिले. पुढचे दोन महिने फोन लागायचा, उचलला जायचा नाही.

जानेवारीत एका रविवारी माझी सहा वर्षांची मुलगी फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट घेऊन खेळत होती. टाकी टीपॉयवर होती. टक् असा आवाज आला. गणपती टाकीवर जाऊन चिकटला होता. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक लागत नाही, हे शाळेत आपण सगळेच शिकतो. मी मॅग्नेट काढून टाकीभर फिरवला. वरच्या भागात घट्ट बसत होता, खाली कुशीला मात्र घसरत होता, तिथे लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) इतकी जाड भरलेली होती. नखानं खरवडलं तर चंदेरी रंगाखालून करड्या लांबीची भुकटी निघाली. हातोडीच्या खुणा त्या लांबीतच उठवल्या होत्या. गंजकी जुनी टाकी होती ती, वर मेकअप केलेली.

दुसऱ्या दिवशी न सांगता गाळ्यावर गेलो. टाळं. शेजारच्या लेथवाल्यानं मशीन न थांबवता विचारलं, "तुम्ही कितवे?"

पोलिसांचं थोडक्यात सांगतो. पहिल्यांदा 'हा दिवाणी मामला आहे' म्हणून अदखलपात्र नोंद करून हातात कागद दिला. तिसऱ्या खेपेला एका हवालदारानं त्याला फोन लावून दम भरला. परिणाम इतकाच की फेब्रुवारीत एका टेंपोतून चेसिस आणि चार गोण्या घरी आल्या. आरसी बुक आलं. पैसे आणि सह्या केलेले फॉर्म आले नाहीत. गाडी कोणाच्या नावावर गेली तर कळावं म्हणून मी आजही एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर आमचा नंबर टाकून बघतो, आणि ताडदेव आरटीओला अर्ज देऊन त्याची पोच ठेवली आहे.

गोण्या गॅलरीत रिकाम्या केल्या. कार्बोरेटर आमचा नव्हता. क्रँककेसवरचा (इंजिनाच्या खालच्या कवचावरचा) नंबर तर घासून काढलेला होता. म्हणजे बाबांचं इंजिन कुठेतरी दुसऱ्याच गाडीत फिरतंय. मागची चेसिस कापून तिला अर्धगोल पाइप जोडलेला, वेल्डिंग असं की बोटानं टवके निघावेत. आणि तेव्हाच गाडीची नोंदणी संपत आली होती. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ती नव्यानं करावी लागते, आणि तिथला माणूस चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल फिरवतो, छाप घेतो. इंजिनाला दाखवायला नंबरच नाही म्हटल्यावर तो काय करणार?

ही अक्कल मी आधी घ्यायला हवी होती. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचे तपशील कंपनीनं मुळात ठरवलेल्या तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ अ आलं. बेकायदा बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिक्षा मालकाला बरं का. सीट, हँडल असल्या कामाची गोष्ट वेगळी; पण 'चेसिस कापू, आरटीओचं मी बघतो' असं कोणी म्हणालं की चप्पल घालून उठायचं.

आता फोटोचं. बाबा छापखान्यात कंपोझिटर होते, नंतर खेतवाडीत स्वतःची ट्रेडल (छपाईचं छोटं यंत्र) टाकली. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवण्यात हयात गेली. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, त्यामुळे उलटी अक्षरं ते आपण सुलटी वाचतो तितक्या सहज वाचतात. गोण्या आल्या त्या संध्याकाळी मी त्या सहांतला जुन्या बुलेटचा फोटो त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, ह्याच्यावर भाळलो होतो. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि गाडीचं काही न बोलता टायरवर बोट ठेवलं.

"ही अक्षरं खिळ्यासारखी आहेत रे. हा फोटो उलटा छापलाय."

टायरवरचं नाव आरशात दिसावं तसं होतं. मी फोटो फोनमध्येच आडवा पलटवला. गिअर उजवीकडे आला. किक उजवीकडे. सायलेन्सर उजवीकडे. आणि मग तो फोटो मला ओळखीचा वाटायला लागला. माझ्याच संग्रहात निघाला, नोव्हेंबर २०२० मध्ये ठेवलेला. कुठल्याशा परदेशी कारागिराचं काम. मी त्याला पाठवलेल्या चाळीसांतला सतरावा. त्यानं तो पलटवला, कोपऱ्यातलं नाव कापलं, रंग थोडा पिवळट केला आणि तीन दिवसांनी मलाच परत पाठवला. सहापैकी चार फोटो माझेच होते. पलटवलेला फोटो इंटरनेटवर शोधला तर मूळ सापडेलच असं नाही, हे त्याला ठाऊक होतं. आणि आपलीच आवड दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की माणूस प्रश्न विचारायचं थांबतो, हेही.

आमच्या अंगणातला जिना डावीकडे कसा गेला ते आता कळलं असेल. तुम्हाला कोणी 'आपलं काम' म्हणून फोटो पाठवला तर आधी टायर, स्पीडोमीटर आणि मागच्या पाट्या वाचा. मग फोटो पलटवून दोन्ही बाजूंनी शोधा. आणि मुख्य म्हणजे तुमचे फोटो आधी देऊ नका. त्याचं काम आधी बघा, तेही रस्त्यावर, चालू गाडी, मालक शेजारी उभा. मुंबईत मन लावून कस्टम गाड्या बनवणारे कारागीर आहेत. असा माणूस जुन्या गिऱ्हाइकाची गाठ घालून द्यायला कां-कू करत नाही. गाडी सोडायच्या आधी इंजिन आणि चेसिस नंबरचा पेन्सिलनं छाप घेऊन त्याच कागदावर गॅरेजवाल्याची सही घ्या. मूळ आरसी घरात राहू दे. पैसे भाग हातात आल्यावर द्या, आणि खिशात एक मॅग्नेट असू दे.

पैसे जाऊनच बसले असतील आणि ऑनलाइन दिले असतील, तर पहिला फोन १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, त्याच दिवशी. मी सात महिने 'माणूस चांगला आहे' म्हणत बसलो. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअ‍ॅप होतं म्हणून निदान उभं राहता आलं. तारखा चालू आहेत. मागच्या तारखेला तो आला नाही.

चेसिस अंगणात प्लॅस्टिकखाली आहे. इंजिनाचं काय करायचं, परवानगी काढून दुसरं बसवायचं की भंगारात नोंद करून टाकायची, यावर घरात दर रविवारी वाद होतो. ताईचं मत बसवायचं, आईचं मत पसारा काढायचा. बाबा त्यात पडत नाहीत. टाकी त्यांनी आपल्या कपाटावर ठेवली आहे, आणि फ्रिजवरचा गणपती अजून तिच्यावरच आहे. मुलगी तो काढू देत नाही.