कॅलरी मोजणारी ॲप्स: ओसीडी आणि खाण्याचा विकार सोबत असतील तर

ओसीडी (नकोसे विचार पुन्हा पुन्हा येणं आणि त्यापायी तीच कृती करत राहणं) आणि त्याच्या जोडीला ॲनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडणं) किंवा बुलिमिया (भरमसाट खाऊन मग उलटी वगैरे करून ते भरून काढणं) असेल, तर कॅलरी मोजणारं ॲप थेट आजाराच्या हातात पडतं. बारकोड स्कॅन, ग्रॅममधली नोंद, मर्यादा ओलांडली की लाल झालेला आकडा, सलग किती दिवस नोंद केली त्याची मोजदाद: यातल्या प्रत्येक सोयीचा विधी बनतो, म्हणजे केल्याशिवाय राहवत नाही अशी कृती. आकडा पाहिला की घटकाभर बरं वाटतं, मग शंका परत येते आणि पुन्हा वजनकाटा. तपासल्याशिवाय सुटका नाही, एवढंच मेंदू शिकतो. त्यात हा आकडाही मुळात अंदाजाचाच!

नुसतं ॲप काढून टाकलं तर मनातल्या मनात बेरीज सुरू होते, तोही विधीच. म्हणून ईआरपी थेरपीत (भीतीला सामोरं जायचं, पण विधी करायचा नाही, अशी उपचारपद्धती) पायऱ्या ठरवतात. आधी सूचना बंद, मग एका जेवणाची नोंद वगळायची, अस्वस्थता आपोआप ओसरू द्यायची, नंतर दुसरं जेवण. वजन फार घटलं असेल तर मात्र आधी पोषण, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. उपासमारीत विचारांचा हट्ट आणखी वाढतो.

नोंद हवीच असेल तर आकडे नसलेलं ॲप घ्या: जेवणाची वेळ, पदार्थ, मनःस्थिती.

सर्वसाधारण वापरासाठी ५ पैकी ३ तारे. या जोडआजारासाठी शून्य.