घाटातल्या एसटीत ब्रेल पत्ते की खुंट्यांचा बुद्धिबळपट?

साताऱ्याहून महाबळेश्वरला एसटीने जाताना अंध पुतण्यासाठी यांपैकी काय न्यावे, असे वहिनींनी विचारले.

खर्चात पत्ते उजवे ठरतात, कारण साध्याच ५२ पत्त्यांच्या कोपऱ्यांत ब्रेल पाटी व टोचणीने रंग आणि आकडा घरीच उठवता येतो. मात्र वापराने ठिपके दबतात, आणि पसरणी घाटातल्या वळणांवर टाकलेली पाने मांडीवरून घसरून थेट सीटखाली जातात. पटावर काळी घरे उंच, काळ्या मोहऱ्यांच्या माथ्यावर टाचणीसारखी खूण आणि प्रत्येक मोहरा भोकात रोवलेला असल्याने चाचपताना डाव मोडत नाही. तो महाग खरा, पण वर्षानुवर्षे टिकतो. शिकवायला वेळ लागतो, हेही सांगायला हवे.

ब्रेल येणाऱ्या, चौघांत रमणाऱ्या मुलाला रेल्वेत पत्ते द्यावेत. एसटीत दोघांनाच खेळायचे असेल, किंवा ब्रेल अजून कच्चे असेल, तर पटच घ्यावा.