प्रशासकीय कायद्याचा शोधनिबंध : मार्गदर्शक वकिलीतून आलेले की मुळातले अध्यापक?

मुंबईत एलएलएमच्या (कायद्यातील पदव्युत्तर पदवीच्या) शोधनिबंधासाठी प्रशासकीय कायदा निवडणाऱ्यांपुढे बहुधा दोन प्रकारचे मार्गदर्शक असतात : सरकारी नियमनाविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका लढवून अध्यापनाकडे वळलेले, आणि सुरुवातीपासून अध्यापन-संशोधनातच रमलेले.

पहिल्यांचे बळ मॅगीच्या प्रकरणावरून कळते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा जून २०१५ मधील बंदीचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द केला, तो नैसर्गिक न्यायाची तत्त्वे (म्हणजे आधी बाजू मांडण्याची संधी देण्यासारखे नियम) पाळली नव्हती आणि तपासणी केलेल्या प्रयोगशाळांना आवश्यक मान्यता नव्हती म्हणून. निकालपत्र वाचून एवढे कोणीही सांगेल. परंतु कागदपत्रांच्या ढिगातून प्रयोगशाळेच्या मान्यतेसारखा मुद्दा कसा हेरायचा, पर्यायी दाद (याचिकेऐवजी दाद मागण्याचा दुसरा मार्ग) उपलब्ध असल्याचा सरकारचा प्राथमिक आक्षेप कसा परतवायचा आणि अंतरिम स्थगिती कधी मागायची, हे स्वतः याचिका चालवलेला माणूस अधिक नेमकेपणाने शिकवतो.

मात्र वर्षानुवर्षे एकाच बाजूने उभे राहिल्यावर सरकारची प्रत्येक अट अतिरेकी वाटू लागते, आणि शोधनिबंधाला ही सवय मारक ठरते. डान्स बारचे उदाहरण पाहा. महाराष्ट्राने बारमधील नृत्यावर घातलेली बंदी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही, तरी राज्याने २०१६ मध्ये नवा कायदा केला. २०१९ मध्ये त्यातल्या अनेक अटी रद्द झाल्या, पण वेळेची मर्यादा आणि नोटा उधळण्यावरील बंदी टिकली. रद्द झालेल्या अटींवर वकील उत्साहाने बोलेल. काही अटी का टिकल्या आणि विधिमंडळ त्याच विषयाकडे पुन्हा का वळले, हे प्रश्न मुरलेला अध्यापक आधी विचारतो, आणि परीक्षकही बहुधा तेच विचारतात.

विषय न्यायालयीन प्रक्रियेचा असेल तर वकिलीतले मार्गदर्शक घ्यावेत. नियमनाच्या हेतूचा किंवा परिणामांचा असेल तर अध्यापक, असे माझे मत आहे. वकिली चालू असलेल्यांना नियमानुसार दिवसाला तीन तासांपर्यंतच अध्यापन करता येते, त्यामुळे मसुदा तपासायला त्यांच्याकडे वेळ किती उरेल, हे आधीच विचारून घ्यावे. पहिल्याच भेटीत आणखी एक विचारावे : मॅगी प्रकरणात प्राधिकरणाची बाजू तुम्ही कशी मांडली असती? त्यावर ज्यांना दोन मुद्देही सुचत नाहीत, त्यांच्याकडे नाव नोंदवू नये.