रेडकाला दूध पाजायची बाटली : बाटली चांगली, निपलचं काय ते बघून घ्या

खानापूर तालुक्यात आमच्या दोन म्हशी हाईत, त्यातल्या एकीचे सड फुटले आणि ती रेडकाला जवळच येऊ देईना, म्हणून बेळगावच्या बाजारातनं 2 लिटरची बाटली आणली. प्लास्टिक जाड हाय, धुवायला सोपी, त्याबद्दल काय तक्रार नाही.

तक्रार निपलची. भोक एवढं मोठं की दूध आपोआप गळतंय, रेडकू ठसकायला लागलं! खरं तर पिताना रेडकू जीभ पन्हाळीसारखी करून सडाला खालनं गुंडाळतंय, टाळूला दाबतंय, मग जीभ आणि जबडा खाली घेतला की तोंडात पोकळी होऊन दूध ओढलं जातंय. जिभेत हाड नाही, नुसते स्नायू, त्यामुळं एकीकडं आवळली की दुसरीकडं लांब होतीय, पाणी भरलेल्या फुग्यासारखं. असं चोखलं की पोटातली एक खाच मिटून नळी होतीय आणि दूध थेट पोटाच्या चार कोठ्यांपैकी चौथ्या कोठ्यात जातंय. धार नुसती घशात पडली तर ते श्वासनळीत जायची भीती.

शेवटी बारीक भोकाचं दुसरं निपल घेतलं, बाटली कासेच्या उंचीला तिरपी धरली, आता मस्त चोखतंय. (आमचं मांजर सांडलेलं दूध जिभेच्या शेंड्यानं टपटप उचलतंय, ती तऱ्हाच वेगळी.)

बाटलीला 4 स्टार, सोबतच्या निपलला 1. घेताना दुकानातच पाणी भरून उलटी करून बघा, धार लागली तर घेऊ नका.