दोन छोटी कुत्री, दोन ट्रेनर : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आधी घरातली मंडळी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. राणी, वय नऊ, पॉमेरेनियन म्हणून आणलेली. आपल्याकडे पॉम म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं, ही माहिती आम्हाला ती तीन वर्षांची झाल्यावर मिळाली. वजन सात किलो. दुसरा ढोलू, डॅशहाउंड, आता दोन वर्षांचा, वजन नऊ किलो आणि त्यातलं बरंचसं पोट. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दहावीतली मुलगी. पुण्यात कोथरूडला डहाणूकर कॉलनीत जुन्या इमारतीत तिसरा मजला, लिफ्ट नाही.

ढोलू वर्षाचा होईपर्यंत दोघं एकाच गादीवर झोपायची. गेल्या एप्रिलपासून बिनसलं. बेल वाजली की दोघं भुंकत दाराकडे धावायची, आणि दाराबाहेरचा माणूस राहिला बाजूला, राणी ढोलूलाच चावायची. वड्याचं तेल वांग्यावर. दूध, इस्त्री, कुरिअर, किराणा, वरच्या मजल्यावरच्यांची चुकून आलेली पार्सलं... एका रविवारी मी मोजलं, बेल चौदा वेळा वाजली. मे महिन्यात ढोलूच्या कानाला दोन टाके पडले तेव्हा ट्रेनर शोधायला घेतला.

पहिल्या ट्रेनरचं नाव लिहीत नाही, कारण माणूस वाईट नव्हता, पण आमच्या कामाचा नव्हता. सकाळी बागेत एकांनी नंबर दिला. आठवड्यातून तीन दिवस, महिन्याला आठ हजार. मोठ्या कुत्र्यांचा दांडगा अनुभव : रॉटवायलर, डॉबरमन, बंगल्यांवरची राखणीची कुत्री. पहिल्याच दिवशी दोघांना चोक चेन (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) घातली आणि निदान सांगून टाकलं, ‘मॅडम, राणी स्वतःला अल्फा, म्हणजे कळपाची म्होरकी, समजते. तिला तिची जागा दाखवायला लागेल.’ मग दोघांना खाली पार्किंगमध्ये न्यायचे. आम्ही वर चहा टाकायचो. दोन आठवड्यांत पार्किंगमध्ये ‘सिट’ म्हटलं की दोघं एका रांगेत बसायला लागली. बिल्डिंगमधल्या लोकांनी व्हिडिओ काढले. आम्हीही खूश.

वर घरात मात्र तेच चालू. किंबहुना वाईटच, कारण पूर्वी राणी चावण्याआधी गुरगुरायची. गुरगुरली की साखळीला झटका, असा धडा तिने सहा आठवड्यांत पक्का केला. मग ती गुरगुरायची थांबली आणि थेट चावायला लागली. वर तिला खोकला सुरू झाला, बदक ओरडतं तसा. डॉक्टरांनी साखळी बघितली आणि आधी ती काढायला लावली. इतक्या छोट्या जातींची श्वासनलिका मुळात नाजूक असते, काहींची आत दबतेसुद्धा. गळ्यात पट्टा फक्त बिल्ल्यापुरता, दोरी लावायची तर छातीच्या हार्नेसला, असं त्यांनी बजावलं. ही गोष्ट ट्रेनरने आम्हाला सांगायला हवी होती. आणि आम्ही तरी कुठे विचारली होती?

त्या ‘अल्फा’चं नंतर जरा वाचन केलं. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या शास्त्रज्ञाने 1947 मध्ये बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांवर लिहिलं, तिथून ही कल्पना पसरली. तिला लोकप्रिय करण्यात ज्यांच्या पुस्तकाचा मोठा वाटा होता त्या डेव्हिड मीच यांनीच पुढे, 1999 मध्ये, जंगलातल्या लांडग्यांचा कळप म्हणजे साधारणपणे आई-बाप आणि त्यांची पोरं असं कुटुंब असतं, त्यात गादीसाठी मारामाऱ्या नसतात, असं मांडलं. म्हणजे ज्यांनी सांगितलं त्यांनीच दुरुस्त केलं, पण ती दुरुस्ती आमच्या पार्किंगपर्यंत पोचली नव्हती.

दुसऱ्या वेळी शहाणपण आलं होतं. आपल्याकडे कुत्रा पाळायला महापालिकेचा परवाना लागतो, पण कुत्र्याचा ट्रेनर व्हायला काही लागत नाही. त्यामुळे पारख आपल्यालाच करावी लागते. मी चार जणांना फोन केले. एकाने जात आणि वय विचारून थेट पॅकेज सांगितलं. दुसऱ्याने पंधरा दिवसांत गॅरंटी दिली. तिसऱ्याने सांगितलं की दोघांना शहराबाहेरच्या त्याच्या केनेलवर दीड महिना सोडा, शिकवून परत देतो. हे नवऱ्याला पटलं होतं, मुख्यतः दीड महिन्याच्या शांततेसाठी. पण भांडण होतं आमच्या दारात, आमच्या बेलवर. ते शहराबाहेर कसं सुटणार?

चौथ्या बाईंनी मला पंचवीस मिनिटं प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाल्या, ‘ताई, मी येऊन बघते, पण पहिल्या दिवशी शिकवणार काहीच नाही. चालेल?’ मी त्यांनाही माझे प्रश्न विचारून घेतले. कुत्र्याने चूक केली तर तुम्ही काय करता? दोघांना एकत्र शिकवणार की वेगवेगळं? तास चालू असताना आम्ही तिथे बसायचं का? पहिल्याचं उत्तर आलं, ‘त्याला चूक करायला जागा राहणार नाही अशी मांडणी करते, तरी केली तर माझी मांडणी चुकली.’ दुसऱ्याचं, ‘आधी वेगवेगळं, एकत्र बरंच नंतर.’ तिसऱ्यावर त्या हसल्या. ‘तुम्हीच शिकवणार आहात, मी बसणार आहे.’ एका भेटीचे पंधराशे.

पहिल्या भेटीत त्या खरंच तासभर जमिनीवर बसून राहिल्या. कुत्र्यांकडे बघितलंही नाही म्हणायला हरकत नाही. वहीत घराचा नकाशा काढला : वाट्या कुठे, पाण्याचं भांडं कुठे, कोण कुठे झोपतं, जेवण कोण घालतं, सोफ्यावर चढायला परवानगी कुणाला. सासूबाई राणीला पोळीचा तुकडा टेबलाखालून देतात हे आमच्या घरातलं गुपित त्यांनी विसाव्या मिनिटाला हुडकलं. निघताना एवढंच म्हणाल्या, की राणी एका बाजूने चावून खाते, तोंडाला वास आहे, ढोलूचं डोकं तिच्या गालाला लागलं की दचकते. ‘आधी दात दाखवा. रिपोर्ट आल्याशिवाय दुसरी भेट घेऊ नका, उगाच पैसे जातील.’

दाताखाली पू निघाला. छोट्या जातींमध्ये दातांचा त्रास फार, कारण तेवढ्याच दातांना जबडा मात्र इवलासा. भूल देऊन साफसफाई केली, चार दाढा काढल्या. त्यानंतर तीन आठवड्यांत, एकही धडा न शिकवता, निम्मी भांडणं बंद झाली. म्हणजे सहा आठवडे आम्ही एका दुखणाईत म्हातारीला ‘जागा दाखवत’ होतो. याची खंत माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

उरलेली निम्मी सुटायला मात्र वेळ लागला. स्वयंपाकघराच्या दाराला सुताराकडून गुडघाभर उंचीचं फाटक करून घेतलं. जेवण फाटकाच्या दोन बाजूंना, पंधरा मिनिटांनी वाट्या उचलायच्या. दोघांना एकेक जुनी सतरंजीची घडी, आणि ‘जागेवर’ हा शब्द. शब्दांवरून घरात एक बैठकच झाली, कारण नवरा ‘सिट’ म्हणायचा, मी ‘बस’, बाबा ‘बैस बरं’ आणि सासूबाई ‘बसा हो आता’. चार माणसांचे चार शब्द असले तर कुत्र्याने करायचं काय? ‘बस’ ठरलं. बक्षीस म्हणून उकडलेलं चिकन सुचवलं होतं, पण आमच्या स्वयंपाकघरात ते चालत नाही. मग पनीर, हरभऱ्याच्या डाळीएवढा कण. ढोलूसारख्या पोट सुटलेल्या कुत्र्याला असे कणही हिशोबात धरायचे आणि तेवढं रात्रीच्या वाटीतून कमी करायचं, हेही त्यांनी मोजून दाखवलं.

मला सगळ्यात आवडलेला भाग नाव घेण्याचा. दोघं सतरंजीवर असताना ‘राणी’ म्हणायचं आणि कण राणीला. मग ‘ढोलू’ म्हणायचं आणि कण ढोलूला. दुसऱ्याचं नाव ऐकून जो गप्प बसतो, लगेच पुढचं नाव त्याचं. दहा-बारा दिवसांत ढोलूला कळलं की राणीचं नाव म्हणजे आपला नंबर जवळ आला. पूर्वी तिचं नाव घेतलं की तो मध्ये घुसायचा, आता आपल्या घडीवर बसून शेपटी आपटतो.

बेलसाठी फोनवर आमच्याच बेलचा आवाज भरून घेतला. अगदी बारीक आवाजात लावायचा आणि पनीर, आधी एकेकाला, मग दोघांना. खरी बेल मध्येच वाजली की सगळं मुसळ केरात, म्हणून दारावर सूचना लावा असं त्यांनी सुचवलं. हे काम बाबांनी घेतलं. पेन्शनीतला माणूस, त्यात पुण्याचा. पाटी अशी : ‘बेल वाजवू नये. कडी हळू वाजवावी. आत दोन विद्यार्थी अभ्यास करीत आहेत. पार्सलवरील मजला वाचण्याचे कष्ट घ्यावेत.’ पाच-सहा आठवड्यांनी बेल वाजल्यावर दोघं भुंकतात, पण भुंकत सतरंजीकडे पळतात. हे बघायला मजा येते.

तक्रारीही आहेत. बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला, नगर रोडच्या बाजूला राहतात, त्यामुळे सहाची भेट पावणेसातला, आणि पावसात दोनदा आयत्या वेळी रद्द. शनिवार-रविवार येत नाहीत. मेसेजला उत्तर रात्री अकराला. आठ भेटींचे बारा हजार झाले, दातांचा खर्च वेगळा. गृहपाठ रोज दोनदा दहा-दहा मिनिटं, आणि तो चुकवला की व्हिडिओ बघून लगेच ओळखतात. ज्यांना कुत्रा ‘शिकवून घ्यायचा’ आहे, स्वतः शिकायचं नाही, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

काही गोष्टी जमल्या नाहीत. गणपतीच्या आधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात त्याने राणी कापते. आम्ही जुलैत सुरुवात केली होती, आणि बाईंनी स्पष्टच सांगितलं की यंदा उशीर झाला, आता शिकवत बसू नका, फक्त निभावून न्या. संध्याकाळी लवकर फिरवून आणायचं, आतली खोली, पंखा, रेडिओ. दिवाळीच्या फटाक्यांसाठी अनंत चतुर्दशी झाल्यावर लगेच बारीक आवाजाची रेकॉर्डिंग लावली, ढोलूला बराच फरक पडला, राणीला थोडा. आणि ढोलू तुळशीची कुंडी उकरतो ते उकरतोच. डॅशहाउंडच्या नावातलं जर्मन ‘डाक्स’ म्हणजे बिज्जू, बिळात राहणारा प्राणी, त्याला बिळातून उकरून काढायला ही जात तयार केली. त्यावर बाईंचा उपाय : कुंडी उंच ठेवा, त्याला मातीचं एक वेगळं घमेलं द्या. दिलंय. तो दोन्हीकडे बघतो.

डॅशहाउंडवाल्यांसाठी एक सांगायचं राहिलं. लांब पाठीमुळे मणक्यांमधली चकती सरकण्याचा धोका या जातीत मोठा. त्यामुळे सोफ्याला उतार केला आहे आणि तीन मजले ढोलू आमच्या हातांवरून चढतो-उतरतो, एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. पहिल्या ट्रेनरने त्याला व्यायाम म्हणून जिने चढायला लावले होते.

पुढच्या महिन्यात बहिणीची शिट्झू पंधरा दिवस आमच्याकडे राहायला येणार आहे. तिसरं छोटं कुत्रं घरात कसं आणायचं म्हणून परवा बाईंना मेसेज टाकला. रात्री अकराला उत्तर आलं, ‘आणू या. तिचे दात शेवटचे कधी तपासलेत?’