स्पार्कलिंग वाइनचा स्टॉपर: बॉडी टकाटक, वॉशर रद्दी

स्पार्कलिंग म्हणजे फेसाळणाऱ्या वाइनची उघडलेली बाटली बंद करायच्या झाकणाचा वॉशर फाटला म्हणून हा रिव्ह्यू. स्टीलची बॉडी अजून चकचकीत आहे, दोन्ही पंख घट्ट आहेत, स्प्रिंगही ठणठणीत. फक्त आतली दोन मिलिमीटर जाडीची सिलिकॉनची चकती कडेला चिरली आणि अख्खं झाकण निकामी झालं. विक्रेत्याकडं सुटी चकती मिळत नाही. चॅटवर किती का विचारा, उत्तर एकच, ‘रिटर्नची मुदत संपली आहे, कृपया नवीन सेट मागवा.’ दहा रुपयांच्या रबरासाठी पावणेतीनशेचं झाकण कचऱ्यात टाकायचं म्हणे!

क्लॅम्पवाला स्टॉपर म्हणजे दोन पंखांनी बाटलीच्या गळ्याला घट्ट धरणारं झाकण. साधी वाइन टिकवायचा हवा ओढणारा पंप वेगळा, तो स्पार्कलिंगला चुकूनही लावू नका. पंप बाटलीतली हवा काढतो आणि हवेबरोबर वाइनमधला गॅसही ओढून घेतो. बाटलीच्या गळ्यात चमचा उलटा लटकवला की फेस टिकतो, ही तर निव्वळ थाप आहे.

हे झाकण लागतंच कशाला? ७५० मिलीच्या बाटलीतून १२० मिलीचे सहा ग्लास निघतात. पिणारे दोघंच असले की निम्मी बाटली उरते, आणि वाइनची किंमत बघता ती मोरीत ओतायला हात होत नाही. म्हणून पहिल्या दिवशी दोन किंवा तीन ग्लास आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्याचं गवती चहाचं किंवा मरव्याचं सिरप घालून कॉकटेल, असा हिशोब. हा हिशोब जमतो. पण झाकणाच्या खोक्यावर ‘पाच दिवस ताजं’ असं जे छापलंय, ते अर्धसत्य आहे.

झाकण गॅस तयार करत नाही, बाहेर जाणारा गॅस फक्त अडवतं. बाटली रिकामी होत जाते तशी वाइनच्या वरची मोकळी जागा वाढते आणि झाकण लावल्यावर वाइनमधला गॅस त्या जागेत जाऊन बसतो, दाब दोन्हीकडं सारखा होईपर्यंत. दोन ग्लास काढून झाकण लावलं तर मोकळी जागा कमी असते, वाइनमध्ये गॅस बऱ्यापैकी राहतो. निम्मी बाटली रिकामी असेल तर जवळपास निम्मा गॅस वर निघून जातो. तळाशी एकच तृतीयांश उरली असेल तर झाकण कितीही भारी असू द्या, सकाळी हाती येतं ते गोडसर, मिळमिळीत पाणी. तेवढी त्याच दिवशी संपवावी. प्रत्येक वेळी झाकण उघडलं की वर जमलेला गॅस फस्सकन जातो आणि वाइन पुन्हा गॅस सोडते. म्हणून ‘बघू तरी टिकलाय का’ असं करून मधेमधे उघडणं बंद.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो झाकण कधी लावता यानं. जेवण होईपर्यंत बाटली टेबलावर उघडी, मग रात्री आवरताना झाकण, असं केलं तर त्या झाकणाचा उपयोग फक्त धूळ अडवायला. ग्लास भरला की लगेच झाकण, पुढच्या ग्लासाला काढा, परत लावा. बाटली थंड हवी हेही तितकंच खरं. थंड द्रवात गॅस जास्त मावतो. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि त्यात वीज गेली की फ्रीजमधल्या बाटलीतला दाब चढतो. अशा वेळी झाकण काढताना तळहात झाकणावर दाबून, फडकं टाकून, तोंड भिंतीकडं करून एकेक पंख सोडायचा. दोन्ही पंख एकदम सोडले तर झाकण छताला जाऊन आदळतं.

आता मूळ दुखणं. झाकण उलटं करून बघा. मधे बुचासारखा खुंटा, त्याभोवती चपटी चकती. खुंटा बाटलीच्या गळ्यात जातो म्हणून सगळ्यांना वाटतं गॅस तोच अडवतो. तसं नाही. गॅस अडवते ती चकती, कारण पंख बाटलीच्या ओठाखालच्या कड्यात अडकून तिला ओठावर दाबून धरतात. चकती एका जागी जरी कापली गेली तरी गॅस रात्रभर हळूहळू झिरपतो आणि आवाजही येत नाही.

ती कापली कशानं जाते? बाटलीच्या गळ्यावरच्या फॉइलनं. बहुतेक जण फॉइल वरून टरकावतात, तार काढतात, बूच काढतात, आणि कड्याखाली फॉइलची दातेरी कड तशीच राहते. तिच्यामुळं पंख तिरके बसतात, दाब एका बाजूला पडतो आणि चकती तिथंच चिरते. त्यावर उपाय म्हणजे फॉइल कड्याच्या खालून सुरीनं गोल कापून पूर्ण काढायचं आणि ओठ ओल्या फडक्यानं पुसून कोरडा करायचा. दुसरं कारण साखर. सिरपचा हात लागलेलं झाकण तसंच ठेवलं की चकती ओठाला चिकटते आणि काढताना ओढली जाते. तिसरं, वापर नसताना पंख मिटून ठेवणं. कपाटात ठेवताना पंख उघडे ठेवा. तारेच्या घासणीनं घासू नका, कोमट पाणी आणि बोटं पुरे.

गळती शोधायची पद्धत आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. गॅस सिलिंडरच्या रेग्युलेटरला साबणाचा फेस लावून बघतो, तसंच. झाकण लावून पाच मिनिटं थांबायचं, मग ओठाच्या कडेनं साबणाचं पाणी बोटानं फिरवायचं. बुडबुडा फुगला की गळती. झाकण पाव वळसा फिरवून परत लावा. तरीही फुगतोय म्हणजे चकती गेली.

इथं मत बदललं, तेही लिहितो. चकती फाटली तेव्हा हे दोन स्टारचं झाकण होतं. पण चकती घरी बनते! वॉटर प्युरिफायरचे सुटे भाग विकणाऱ्यांकडं फूड ग्रेड सिलिकॉनची दोन मिलिमीटरची शीट विचारा. सांगलीच्या गणपती पेठेत एक-दोन दुकानांत चौकशी केली की कुठंतरी तुकडा मिळतो. हार्डवेअरमधलं काळं रबर मुळीच नको, त्याचा वास वाइनला लागतो आणि मग कुठलंच सिरप तो झाकू शकत नाही. माप असं. या बाटल्यांचा ओठ साधारण २९ मिलिमीटरचा असतो आणि दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं. नाणं शीटवर ठेवून भोवती एक मिलिमीटर सोडून गोल आखा, नव्या ब्लेडनं एका दमात कापा. मधलं भोक जुनी चकती ठेवून आखा. भोक सैल नको, खुंट्यावर चकती ताणून बसली पाहिजे. कापलेली कड दातेरी झाली तर तो तुकडा टाकून दुसरा कापा, कारण गळती तिथूनच होणार. तीन-चार चकत्या एकदम कापून ठेवाव्यात. एवढं झालं की झाकण चार स्टारचं होतं. पाचवा स्टार कंपनीनं सुटी चकती विकायला ठेवली की.

कॉकटेलकडं वळू, कारण झाकणाची खरी परीक्षा तिथं होते. वाइन ब्रूटच घ्या, म्हणजे कोरडी, कमी साखरेची. नाशिकची सुला ब्रूट चालते, तिच्यासारखी कुठलीही कोरडी चालते. गोड बाटलीत सिरप घातलं तर सरबत होतं. ब्रूटमध्ये लिटरमागं साखर १२ ग्रॅमपेक्षा कमी असते. साखर-पाणी समप्रमाणात घेतलेल्या सिरपच्या १५ मिलीत मात्र नऊ ग्रॅम साखर बसते. म्हणजे १२० मिलीच्या ग्लासात १५ मिली सिरप पडलं की ब्रूटचा ब्रूटपणा संपलाच. १० मिली पुरे. मोजायला औषधाच्या बाटलीवरचं मापाचं टोपण झकास.

सिरपला १०० ग्रॅम साखर, १०० मिली पाणी. यातून १५०-१६० मिली निघतं, दोन बाटल्यांना पुरून उरतं. आपल्याकडच्या एम-३०, म्हणजे मध्यम दाण्याच्या साखरेच्या पाकावर करडा मळ येतो, तो चमच्यानं काढून टाका. गूळ नको. सांगलीचा गूळ कितीही नावाजलेला असला तरी तो या वाइनला तपकिरी करतो, त्याचा खारटपणा वर येतो आणि त्यातल्या बारीक कणांवर फेस उसळतो. हळदीचं तर नावच काढू नका, पेठ जवळ आहे म्हणून काहीही घालायचं नसतं.

गवती चहाची पाच-सहा पाती, खालचा पांढरट भाग धरून, कात्रीनं बोटभर तुकडे करून पाक उकळल्यावर घाला, गॅस बंद करा, झाकून २० मिनिटं ठेवा. पातं उकळत ठेवलं की वाळल्या गवतासारखा वास येतो. मरव्याच्या सात-आठ काड्या १० मिनिटंच, नाहीतर कडवटपणा उतरतो. मरवा कुंडीतलाच हवा, गजऱ्याच्या टोपलीतला नको. त्यावर काय फवारलंय देव जाणे. पुदिना गरम पाकात काळपट पडतो. पाक कोमट झाल्यावर पानं घालून १५ मिनिटं ठेवा, न चुरता. चुरला की घशाला लागतो.

गाळणं हा खरा मुद्दा. चहाच्या गाळणीतून गाळलेलं सिरप डोळ्यांना स्वच्छ दिसतं, पण पानाचा बारीक चुरा त्यात असतोच. त्या प्रत्येक कणावर गॅसचे बुडबुडे धरतात आणि ग्लास भरताना अर्धा फेस बाहेर येतो. मलमलच्या दुपदरी फडक्यातून, न पिळता गाळा. पिळलं की चुरा परत आत. लिंबाचा रसही असाच गाळून घ्यायचा. नंतर सिरप फ्रीजमध्ये थंडगार करा. कोमट सिरपावर थंड वाइन पडली की गॅस तिथंच उडतो. बंद बाटलीत दोन आठवडे टिकतं. गढूळ झालं किंवा आंबूस वास आला की ओतून द्या.

ग्लासात आधी १० मिली सिरप आणि ५ मिली लिंबाचा रस, दोन्ही चमच्यानं एकजीव. मग ग्लास तिरपा धरून वाइन कडेनं सोडा, दोन टप्प्यांत. शेवटी चमचा तळाशी नेऊन एकदाच वर उचला, ढवळू नका. सिरप वरून ओतणारे बरेच जण आहेत. ते तळाशी बसतं, पहिले घोट कोरडे, शेवटचा घोट नुसता पाक. आणि सिरप थेट बाटलीत घालून झाकण लावायची आयडिया करू नका, बाटली उतू जाते आणि साखर चकतीच्या खाली जाऊन बसते. ग्लास भांडी घासायच्या साबणाचा राप न ठेवता धुतलेला हवा, साबणाच्या पापुद्र्यानं फेस चटकन बसतो.

दुसऱ्या दिवशीचं माप वेगळं, हे कुणी सांगत नाही. गॅसलाही स्वतःची आंबट चुणचूण असते. रात्रीत गॅस उतरला की ती चुणचूण कमी होते आणि तेच १० मिली सिरप गोडमिट्ट लागतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सिरप ७ मिली, लिंबू ७ मिली. झाकण काढताना जोरात फस्स झालं तर पहिल्या दिवसाचं माप, हलकंच झालं तर हे. काहीच आवाज नाही? मग त्यात कॉकटेलचा नाद सोडा, चिकन किंवा मशरूमच्या रश्श्यात घाला.

बर्फ टाकू नका, पाणी होतं. तासगावची द्राक्षं धुऊन, पुसून, डीप फ्रीझरमध्ये गोठवून ग्लासात दोन-तीन सोडा. टाकायच्या आधी गार पाण्यातून एकदा काढा, अंगावरचा हिमकणांचा थर राहिला की फेस उसळतो. पाहुण्यांना गंमत दाखवायची तर एक बेदाणा टाका. सुरकुत्यांत बुडबुडे अडकतात, तो वर येतो, बुडबुडे फुटतात, परत तळाला जातो. ग्लासभर नाच चालतो. पण प्रत्येक फेरीला तो गॅस पळवत असतो, तेव्हा हा खेळ पाहुण्यांच्या ग्लासात करावा.

घेण्याआधी फ्रीजची उंची मोजा. झाकणासकट बाटली दाराच्या कप्प्यात उभी राहत नाही आणि आडवी ठेवली की वाइन चकतीपाशी येऊन बसते, कड चिकट होते. मधली जाळी एक खण वर सरकवावी लागते. बाटली गार करायला वेळ नसेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर जाडं मीठ, वीस-पंचवीस मिनिटं. नुसत्या बर्फात बाटलीच्या भोवती हवा राहते आणि दुप्पट वेळ जातो. साध्या वाइनच्या बाटलीला हे झाकण लागत नाही, तिथं पंख नीट धरतील असं कडं नसतं. बाटली संपल्यावर उरलेलं गवती चहाचं सिरप साध्या सोड्यात लिंबू पिळून पोरांना द्या. त्याला झाकणही लागत नाही.